आईच्या साजातलं कासव आणि बिंदू चौकामागचं फोटोचं दुकान

कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, सोनारमामांनी माझा मोबाईल हातात घेतला, फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला, थोडा वेळ बघितला आणि परत दिला. म्हणाले, "ताई, गळ्यात साज हाय एवढं कळतंय. पानं कुठली कुठली हायत ते सांगा, मग घडवतो."

कोल्हापुरी साज म्हणजे वेगवेगळ्या आकारांची सोन्याची पानं ओवलेला गळ्यातला दागिना. आईच्या साजात कुठली पानं होती, ते मला सांगता आलं नाही. आईला विचारलं, तर तिनं मासा, कासव, चंद्र, कारलं एवढी नावं घेतली आणि थांबली. तिचा साज नव्वदच्या दशकात मोडला गेला. उद्यमनगरातल्या बाबांच्या वर्कशॉपला काम नव्हतं, कामगारांचे पगार थकले होते. आई स्वतः गुजरीत गेली आणि मोड देऊन आली. त्याबद्दल घरात पुन्हा कधी कोणी बोललं नाही. आता धाकट्या भावाचं लग्न ठरलंय आणि येणाऱ्या भावजयीच्या गळ्यात तसाच साज घालायचा, हे आम्ही दोघा भावंडांनी मिळून ठरवलं. तसाच म्हणजे अगदी तसाच, पानांच्या त्याच क्रमानं.

पुरावा म्हणाल तर एकच, १९८३ साली स्टुडिओत काढलेला आईचा रंगीत फोटो. हिरवा शालू, नथ, हनुवटीवर गोंदणाचा ठिपका आणि गळ्यात साज. ६ बाय ८ इंचाची ती प्रिंट ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गेली. शाहूपुरीतल्या घरात पाणी कपाटाच्या दुसऱ्या फळीपर्यंत चढलं होतं आणि अल्बम खालच्या कप्प्यात होता. पाणी उतरल्यावर पानं सोडवायला गेले, तर फोटोवरचा थर फुगून समोरच्या पानाला चिकटलेला. आईचा चेहरा कागदावरून सायीसारखा निघून आला. त्या दिवशी मनाला एकच आधार होता, की फोटो मोबाईलमध्ये आहे, म्हणजे तो आहे.

तो होताही, पण कसा होता ते सोनारमामांनी परत दिलेल्या मोबाईलकडे नीट बघितल्यावर कळलं. साजाच्या जागी पिवळट पट्टा होता, त्यात थोडे गडद, थोडे फिके चौकोन. पिवळा रंग शालूच्या हिरव्यात उतरलेला. नथीचे मोती म्हणजे एक पांढरा डाग.

आधी मी राजारामपुरीतल्या एका चकचकीत दुकानात गेले. तिथल्या मुलानं तो फोटो कसल्याशा एआय ॲपमध्ये टाकला आणि दोन मिनिटांत लखलखीत फोटो समोर ठेवला. साज असा झळकत होता की मी पैसे देऊन मोकळी झाले. घरी आईला दाखवला. तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ही कोण?" हनुवटीवरचं गोंदण गायब होतं. ॲपला तो डाग वाटला असणार. साजाची सगळी पानं एकाच आकाराची, सुबक, बदामी. मासा नाही, कासव नाही. सोनारमामांनीही तेच सांगितलं, "ही पानं साजातली न्हाईत." माझे साडेसहाशे रुपये गेले त्याचं इतकं वाटलं नाही, आईला स्वतःचा चेहरा ओळखू आला नाही, याचं फार वाईट वाटलं.

मग सोनारमामांनीच बिंदू चौकाच्या मागच्या गल्लीतलं हे दुकान सांगितलं. मी आज लिहितेय ते या दुकानाबद्दल. नाव छापू नका असं तिथं जुने फोटो दुरुस्त करणाऱ्या काकांनी स्वतः सांगितलंय, कारण ते एकटेच काम करतात आणि हाती घेतलेलं वेळेत होत नाही याचं त्यांना आधीच वाईट वाटतं. गुजरीत किंवा चौकात कोणाला विचारलंत तर दाखवतील. जिना चढून जायचं, आत दोन खुर्च्या, एक जुना मोठा पडदा, काळ्या कापडानं झाकलेला स्कॅनर आणि भिंतीवर त्यांच्या वडिलांचा लाकडी कॅमेरा.

काकांनी माझा फोटो पडद्यावर घेतला, खूप मोठा केला आणि विचारलं, "किती हातांतनं गेलाय ह्यो फोटो?"

मी म्हटलं, एक-दोनदाच काहीतरी केलंय. ते काही बोलले नाहीत, फक्त एकेक जागा दाखवत गेले. आईच्या खांद्यामागं, निळ्या पडद्यावर, माश्या घोंगावल्यासारखे ठिपके. "हितं कधीतरी अक्षरं नाहीतर फुलांची चौकट हुती, मग कापलीया." खरंच, आईच्या साठीला भावानं केलेल्या डिजिटलसाठी फुलांची चौकट घातली होती. (कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे डिजिटल म्हणजे चौकात लागणारा फ्लेक्स.) गालाकडं बोट करून म्हणाले, "कातडी गुळगुळीत करनारं ॲप." ते माझं काम. फोटोच्या वरच्या कडेला एक बारीक राखाडी रेघ होती. "ह्यो स्क्रीनशॉट हाय, कुनाच्यातरी स्टेटसवरनं घेतलेला." तोही माझाच. मूळ फोटो सापडेना म्हणून मावशीच्या स्टेटसवरून घेतला होता.

मोजायला बसलो तर निदान सात वेळा त्या फोटोवर काही ना काही केलं गेलं होतं आणि प्रत्येक वेळी तो जेपेगमध्ये, म्हणजे फोटोची फाईल लहान करून ठेवायच्या नेहमीच्या प्रकारात, परत सेव्ह झाला होता. उजळ करणं, कापणं, पाठवणं, चौकट लावणं, चौकट काढणं, स्क्रीनशॉट, परत पाठवणं. प्रत्येक जण जे हातात होतं त्यावरच पुढचं काम करत गेला. मूळ कुठंय, हे कोणीच विचारलं नाही.

काकांनी जे समजावलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण गुजरीच्या सावलीत वाढलेल्या माणसालाच ते असं सुचेल.

"दागिना कपाटातनं काढून धा येळा बघितलासा, म्हणून सोनं कमी हुतंय का? न्हाई. तसंच फोटो उघडून बघितला, ह्या पेनड्राईव्हमधनं त्या पेनड्राईव्हमधी टाकला, तरी एक ठिपका हलत न्हाई. पन आटवून परत घडवलासा की घट आली. जेपेगमधी बदलून सेव्ह करनं म्हंजे आटवनं. तुमच्या आईचा साज सात येळा आटवलाय."

मी गप्प बसले. त्यांनी कागद घेतला आणि गणित मांडलं. जेपेग फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे (म्हणजे पिक्सेलांचे) चौकोन पाडतं. एका चौकोनातले ६४ ठिपके जसेच्या तसे न ठेवता, त्या चौकोनात ठरावीक ६४ नमुन्यांपैकी कुठला नमुना किती आहे, ते आकडे ठेवतं. सपाट भाग, हळू बदलणारी छटा, मग बारीक, आणखी बारीक. प्रत्येक आकड्याला एका ठरलेल्या संख्येनं भागायचं आणि उत्तर पूर्णांकात धरायचं. १७ ला १० नं भागलं की १.७, त्याचे धरायचे २. उघडताना २ गुणिले १० म्हणजे २०. म्हणजे १७ चे २० झाले. आणि जिथं ४ होते तिथं ०.४, म्हणजे थेट शून्य. बारीक तपशिलाचे आकडे मुळात लहान असतात आणि त्यांना भागायच्या संख्या मोठ्या, म्हणून शून्य होतात ते बहुतेक तेच. फाईल लहान होते ती याच शून्यांमुळे. एकदाच केलं तर डोळ्याला कळतही नाही.

"आता ह्येच २० परत १० नं भागलं तर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं २, आणि उघडल्यावर परत २०. "बरोबर. म्हणून काही न बदलता त्याच दर्जानं सेव्ह केलं तर पहिल्या येळेनंतर फारसं काय जात न्हाई. पन दुसऱ्या ॲपनं १६ नं भागलं तर?" सव्वा, म्हणजे १, आणि उघडताना १६. पाच मिनिटांपूर्वीचे १७ आता २० वरून १६ वर आले होते आणि परत १७ कुठून आणायचे, हे सांगणारं त्या फाईलमध्ये काहीच उरलं नव्हतं. उजळ केलं, आकार बदलला की आकडे हलतात आणि नव्यानं घट येते. तीन ठिपक्यांची कड कापली तरी सगळी जाळी तीन ठिपके सरकते, चौकोन नव्या जागी पडतात आणि जुन्या चौकोनांच्या रेघाही आता फोटोचाच भाग म्हणून धरल्या जातात.

रंगाचं तर आणखी वाईट. आपला डोळा उजेड-अंधार बारकाईनं बघतो, रंग तितका नाही. त्याचा फायदा घेऊन बहुतेक ठिकाणी चार ठिपक्यांना मिळून एकच रंग ठेवतात. साजाचा पिवळा शालूच्या हिरव्यात का उतरला होता, ते तिथं कळलं.

घरी येऊन मी यावर वाचत बसले. या सगळ्याच्या मुळाशी जे गणित आहे, ते सुचवणारे नासिर अहमद आपल्या बेंगळुरूत जन्मलेले. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा निबंध १९७४ साली छापून आला आणि त्यावर उभं राहिलेलं जेपेगचं मानक १९९२ चं. हे वाचून मला बरं वाटलं. त्या गणितामुळंच तर लांबच्या मावशीपर्यंत आईचा फोटो दोन सेकंदांत पोचत होता. शेवटी पोचवायला केलेली वस्तू आम्ही जपून ठेवायची म्हणून वापरली आणि तिच्यावरच पुन्हा पुन्हा काम करत राहिलो.

काकांनी उजळपणाचंही दाखवलं. पडद्यावर एक आलेख उघडला. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर फोटोतले किती ठिपके, तेवढी उंची. चांगल्या फोटोत तो डोंगरासारखा सलग दिसतो. आमच्या फोटोत तो फणीसारखा झाला होता, मध्ये मध्ये दात पडलेले. मी उजळ केला, भावानं गडद केला, परत कोणीतरी उजळ केला. दर वेळी काही पायऱ्या एकमेकींत मिसळल्या आणि काही रिकाम्या पडल्या. उजवीकडच्या टोकाला एक उंच काठी उभी होती. ते नथीचे मोती. २५५ ला, म्हणजे शेवटच्या पांढऱ्या पायरीला, जाऊन टेकले होते सगळे. "हितनं खाली आनलं तर मोती न्हाई दिसनार, राखाडी डाग दिसंल," काका म्हणाले.

आणि मग त्यांनी काम घ्यायला नकार दिला.

हे मला मुद्दाम सांगायचंय. समोर गिऱ्हाईक बसलंय, पैसे द्यायला तयार आहे, एआयनं पानं भरून देणं त्यांनाही येतं. ते म्हणाले, "ह्यातनं मी काढलं तर ते माझ्या मनातलं हुईल, तुमच्या आईचं न्हाई. पहिली फाईल हुडका. कुनीतरी स्कॅन केलंच असंल की. मोबाईलमधी बघू नका, जुन्या वस्तूंत बघा." नुसतं तपासायचे आणि समजावायचे पैसे घेतले नाहीत.

२०१२ मध्ये भावाच्या कॉलेजच्या मित्रानं घरातले काही फोटो स्कॅन करून सीडीवर दिले होते, हे आठवायला आम्हाला चार दिवस लागले. सीडी सापडली माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या खोक्यात, थर्माकोलच्या खांबांखाली. माळ्यापर्यंत पाणी चढलं नव्हतं. वर स्केचपेननं लिहिलेलं, 'घरचे फोटो'. घरातल्या एकाही लॅपटॉपला सीडी घालायची सोय नाही. काकांकडे आहे, तीही दोन कंपन्यांची दोन यंत्रं. एकावर सीडी वाचलीच नाही. दुसऱ्यावर अर्धा तास घरघरत राहिली आणि तेवीसपैकी एकोणीस फाईली निघाल्या. आईची त्यात होती.

३६०० बाय ४८०० ठिपके. प्रिंट इंचाला ६०० ठिपक्यांनी स्कॅन केलेली. जेपेगच, पण पहिल्याच वेळचं आणि चांगल्या दर्जाचं. काकांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि साजाचं एकच पान धरलं. सीडीवरच्या फाईलमध्ये ते पान पंचेचाळीसएक ठिपके रुंद होतं. पाठ घुमटासारखी, खाली चार पाय, पुढं इवलीशी मान. कासव. पहिल्यांदा व्हॉट्सॲपवरून पाठवलं तेव्हाच फोटो १२०० बाय १६०० झाला होता, म्हणजे तेच पान १५-१६ ठिपक्यांत आलं. १६ ठिपके म्हणजे जेपेगचे आडवे दोन आणि उभे दोन चौकोन. त्या चार चौकोनांत कासव बसवायचं, आणि रंगाला तर तेवढी जागाही नाही. पुढच्या वेळांनी त्या चार चौकोनांचं काय केलं, ते माझ्या मोबाईलमध्ये होतंच. एकच पान, एकीकडे कासव, दुसरीकडे चार फिकट ठोकळे. तो पडदा मी बराच वेळ बघत बसले होते, काका मागं चहा सांगायला गेले तरी.

कामाबद्दल. १९८३ ची प्रिंट स्कॅन होईपर्यंतच तांबूस पडलेली होती. जुन्या रंगीत प्रिंटचं असं होतं, एक रंग इतरांपेक्षा आधी उडतो. ते सुधारताना काकांनी मूळ थराला हातच लावला नाही. रंगाची दुरुस्ती वेगळ्या थरात, चिरा भरणं वेगळ्या थरात, कुठलाही थर डोळा मिटल्यासारखा बंद करता येतो आणि खाली मूळ जसंच्या तसं दिसतं. काम टिफमध्ये, म्हणजे सेव्ह करताना घट न येणाऱ्या फाईलमध्ये, आणि १६ बिटमध्ये, म्हणजे २५६ पेक्षा कितीतरी जास्त पायऱ्यांत. तसं केलं म्हणून आधी गेलेला तपशील परत येत नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. फक्त आपण करतो त्या बदलांनी नव्या पायऱ्या मिसळत नाहीत. जेपेग शेवटी एकदाच, छपाईपुरतं. गोंदणाच्या ठिपक्याला काही केलं नाही. मी न सांगताच.

प्रिंट १२ बाय १८ इंचाच्या कागदावर काढली, पण फोटो १२ बाय १६ इंच. वर-खाली एकेक इंच पांढरं सोडलंय. कागद भरायचा तर कड कापावी लागली असती, ती त्यांनी कापली नाही. शिवाय ३६०० भागिले १२, इंचाला बरोबर ३०० ठिपके, एकही ठिपका ताणलेला नाही. खरखरीत कागद घेतला, चकचकीत नको म्हणाले, खिडकीचा उजेड चमकून साज दिसायचा नाही. पेनड्राईव्हवर तीन फाईली दिल्या. थरांसकट टिफ, छपाईची जेपेग आणि घरच्यांना पाठवायला एक लहान. चौथी सीडीवरची, जशी होती तशी, तिचं नाव 'मूळ – हात लावू नका'. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसा तो आटत नाही, हेही सांगितलं. एचडीचा पर्याय २०२३ पासून आलाय, तो बरा आहे, पण त्यातही घट येतेच.

खर्च: दुरुस्तीचे ९००, प्रिंटचे ३५०, सीडी वाचायचे १००. राजारामपुरीत साडेसहाशे देऊन जे मिळालं होतं ते बघता हे मला महाग वाटलं नाही.

तक्रारी आहेत आणि त्या लिहिल्याच पाहिजेत. आठ दिवस सांगितले होते, एकोणीस लागले. फोन उचलत नाहीत. प्रत्यक्ष जावं लागतं आणि बिंदू चौकात गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे अर्धा तास. जिना उभा आहे, गुडघेदुखी असलेल्या माणसाला चढवत नाही, त्यामुळं आईला तिथं नेता आलं नाही आणि साजाबद्दल तिला समोर बसवून विचारायचं राहून गेलं. एखादा मुलगा हाताखाली घ्यावा, असं मी काकांना म्हटलं. ज्यांचे अल्बम पुरात गेले अशी शेकडो घरं या गावात असतील आणि हे काम एका माणसाच्या हातात आहे, याची मला काळजी वाटते. लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो असलं काही घाईचं असेल तर तिकडं जाऊ नका. एखादा जुना फोटो असेल आणि तो खरा हवा असेल, तर जा. जाताना जुनी सीडी, जुनं मेमरी कार्ड, बंद पडलेला लॅपटॉप, जे असेल ते घेऊन जा.

प्रिंट घरी आणली त्या संध्याकाळी आईनं चष्मा पुसला आणि फोटोवर बोट ठेवून पानं मोजायला सुरुवात केली. जुन्या पद्धतीच्या साजात एकवीस पानं धरतात. फोटोत पंधरा दिसतात, बाकीची मानेमागं आहेत. मासा. कासव. शंख. चंद्र. बेलपान. भुंगा. कारल्यापाशी ती थांबली. "हे उलटं बसवलंतं सोनारानं," ती म्हणाली, "मी लग्नात सगळ्यांना दाखवलंतं. तुझ्या बाबांनी सांगितलं, राहू दे तसंच." मी मोबाईलचा दिवा लावून जवळून बघितलं. कारलं खरंच उलटं होतं, देठ खाली.

दुसऱ्या दिवशी प्रिंट घेऊन गुजरीत गेले. सोनारमामांनी भिंग लावून पंधराही पानांची नावं वहीत उतरवली. उरलेली सहा परंपरेनं बसवतो म्हणाले. कारल्याचं मी त्यांना वेगळं सांगितलं, तर त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "सरळ करू?" मी म्हटलं, नको. आगाऊ रक्कम देऊन आलेय, दीड महिन्यानं बोलावलंय.